पाच हजार वर्षं की नव्वद? गरोदरपणातल्या योगाचा पेडण्यातून घेतलेला माग

मांद्र्याहून हरमलच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना योगाचे फलक दिसतात. त्यातल्या काहींवर आता ‘प्रीनेटल योगा’ असंही लिहिलेलं असतं. माझी पुतणी सहाव्या महिन्यात अशाच एका वर्गाला जायला लागली. तिथं पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं की हा अभ्यास पाच हजार वर्षांचा आहे, आपल्या ऋषींनी गर्भवतींसाठीच तो घालून दिलेला आहे. घरी आल्यावर तिने मालासन करून दाखवलं, म्हणजे पाय फाकवून, उकिडवं, खाली टेकेपर्यंत बसणं. शेजारच्या मावशीने ते पाहिलं आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या अधिकाराने म्हणाली, “आमी खंयचो योग केलो गो? आमी लावणी केली.”

पुतणी माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही जुनी पुस्तकं वाचता ना? मग सांगा, हे खरंच पाच हजार वर्षांचं आहे का?”

इतिहास मी कुठे शिकलेलो नाही. पंचवीस-तीस वर्षं बांधकामाची ड्रॉइंगं वाचली. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक पट्टी असते. तारीख काय, कितवी दुरुस्ती, कोणी काढलं, कोणी तपासलं, हे सगळं तिच्यात असतं. ती पट्टी नसलेलं ड्रॉइंग साइटवर कोणी उघडत नाही, कारण चूक निघाली तर विचारायचं कोणाला? पुतणीच्या प्रश्नाला मी त्याच सवयीने हात घातला. या अभ्यासाची पट्टी कुठे आहे?

जुने ग्रंथ काय म्हणतात

आधी आयुर्वेद बघू, कारण गरोदर बाईचा सविस्तर विचार तिथेच आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातला आठवा अध्याय आणि सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला दहावा अध्याय या दोन ठिकाणी गर्भिणीची महिन्यागणिक काळजी सांगितली आहे. कुठल्या महिन्यात नुसतं दूध, कुठल्या महिन्यात दूध-लोणी, कधी तूप, नवव्या महिन्यात तेलाची बस्ती, असा तो क्रम. आहार, औषध, मनाची प्रसन्नता, नवऱ्याने आणि घरच्यांनी कसं वागावं हे सगळं त्यात येतं. आसनांची यादी मात्र कुठेच नाही.

उलट एक नकार आहे, आणि तो नेमका आमच्या पुतणीच्या मालासनावर येऊन आदळतो. गर्भाला काय बाधतं हे सांगताना चरकाने उकिडवं बसणं, उंचसखल किंवा कडक जागेवर बसणं आणि न झेपणारा व्यायाम ही नावं घेतली आहेत. सुश्रुताने शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात गर्भ राहिल्यापासून टाळायच्या गोष्टी दिल्या आहेत. त्यात व्यायाम आहे, रात्रीचं जागरण आहे, वाहनात बसणं आहे आणि ‘उत्कटुक आसन’ म्हणजे उकिडवी बैठकही आहे. तेव्हा जी बैठक आज प्राचीन म्हणून शिकवली जाते, ती प्राचीनांनी नाव घेऊन वर्ज्य ठरवली होती.

चरकातली आणखी एक चर्चा मला फार आवडते. कळा सुरू झालेल्या बाईला काही जण सांगत असत की ऊठ, मुसळ घे, धान्याने भरलेलं उखळ कांड, मधूनमधून जांभया दे, येरझाऱ्या घाल. हे मत ग्रंथात नोंदवलं आहे आणि लगेच आत्रेयांचा विरोधही दिला आहे. गर्भिणीला जड श्रम एरवीच वर्ज्य असतात, मग प्रसूतीच्या वेळी, शरीर सगळ्यात नाजूक असताना, मुसळ कशाला? जांभई आणि चालणं मात्र चालेल. कळ नसताना जोर करू नये, तो वाया जातो आणि बाळाला त्रास होतो, हेही तिथेच पुढे सांगितलं आहे. प्रसूतिगृहातली अनुभवी नर्स आजही तेच बजावते.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे त्या काळीही या विषयावर एकमत नव्हतं, वाद होता. दुसरी म्हणजे मुसळवाल्यांचं मत कोण्या वैद्याच्या डोक्यातून निघालेलं वाटत नाही. ते कांडणाऱ्या बायकांच्या अनुभवातून आलं असावं असा माझा तर्क आहे.

योगाच्या ग्रंथांत शोधलं तर

आता योगाचे ग्रंथ. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत पंधरा आसनं आहेत, त्यानंतरच्या घेरण्डसंहितेत बत्तीस. या दोन्ही ग्रंथांत गरोदरपणासाठी वेगळा अभ्यास दिलेला नाही. हठप्रदीपिकेचा साधक लहानशा मठीत एकटा राहतो आणि सुरुवातीच्या काळात त्याने अग्नी, स्त्री आणि प्रवास टाळावा असं त्याला बजावलेलं आहे. स्त्री साधिकेचा उल्लेख एका मुद्रेच्या संदर्भात येतो, पण पोटुशी बाई त्या मठीच्या दारात कुठेच दिसत नाही.

आपल्या भागातही योग या शब्दाचा अर्थ बराच काळ हाच होता. विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते सोहिरोबानाथ आंबिये अठराव्या शतकातले, शेजारच्या बांद्याचे. नाथपंथी योगी आणि कवी. पेडणे महालात ‘योगी’ म्हटलं की त्यांच्यासारखं कोणीतरी डोळ्यांपुढे येई. ती आतल्या साधनेची वाट होती. घरात सून गरोदर राहिली म्हणून कोणी योग्याकडे आसन विचारायला जात नसे. बोलावणं जायचं ते वयजिणीला.

मावशीचं म्हणणं

मावशी चेष्टेत बोलली, पण तिचं वाक्य पुरावा म्हणून नोंदवण्यासारखं आहे. शरदाचं पीक आणि वायंगण, दोन्ही हंगामांत लावणीला बाई कमरेतून वाकलेली. घरी आदोळीवर बसून नारळ खवणं, उकिडवं बसून भांडी घासणं, जात्यावर पाय पसरून दळणं, उभ्याने कांडणं. आठवा लागला म्हणून यातलं काही थांबत नसे. कुळाच्या घरातल्या बाईला तर नाहीच नाही.

आजच्या वर्गात शिकवतात त्या बहुतेक बैठका या कामांत होत्या. पाय पसरून दळणं म्हणजे उपविष्टकोणासनाचं जवळचं भावंडं. फरक असा की वर्गात श्वास मोजतात, थकवा आला तर थांबतात आणि खाली मऊ गादी असते. शेतात थांबायची सोय नव्हती. म्हणून ‘पूर्वीच्या बायका कामं करत होत्या, म्हणून सुखरूप बाळंत होत होत्या’ हे वाक्य मी स्वीकारत नाही. ज्या सुखरूप सुटल्या त्या सांगायला उरल्या. मावशीची थोरली जाऊ तिसऱ्या बाळंतपणात गेली. मावशी तेही सांगते, पण कोणी विचारलं तरच.

चरकाचा नकारही या उजेडात पाहावा. उकिडवं बसू नये, श्रम करू नयेत, दूध-तूप घ्यावं, हा सल्ला जिच्या घरी काम करायला दुसरं कोणी आहे तिच्यासाठी होता. मुसळ हातात असलेल्या बाईला तो परवडणारा नव्हता.

पट्टीवरची खरी नावं

मग हा अभ्यास आला कुठून? याचं उत्तर बऱ्याच अंशी मुंबई-पुण्यात आहे आणि त्याला तारखा आहेत.

२५ डिसेंबर १९१८ रोजी मुंबईत वर्सोव्याला श्रीयोगेंद्रांनी ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. त्यांचं मूळ नाव मणिभाई देसाई. मालसरच्या परमहंस माधवदासजींचे ते शिष्य. त्याच गुरूंचे दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. मठीतला योग घरात आणि प्रयोगशाळेत आला तो या काळात. याच सुमारास औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रचार करत होते आणि मुली-बायकांनीही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह होता. बाईच्या शरीराला व्यायाम हवा, ही गोष्ट मराठी घरांत उघडपणे बोलली जाऊ लागली होती.

योगेंद्रांचं लग्न १९२७ मध्ये सीतादेवींशी झालं. १९३४ मध्ये सीतादेवींचं स्त्रियांच्या योगव्यायामावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. स्त्रियांसाठी स्त्रीने लिहिलेल्या योगाच्या अगदी पहिल्या पुस्तकांत ते मोजलं जातं. माझ्या हिशोबात या ड्रॉइंगची पहिली तारीख ती. ‘बाईचं शरीर वेगळं, त्याच्या अवस्था वेगळ्या, म्हणून अभ्यासही वेगळा हवा’ हा विचार इथे छापील रूपात उभा राहिला.

दुसरा धागा आपल्या शेजारून, धारवाड-बेळगावकडून येतो. १९३६ मध्ये म्हैसूरचे कृष्णम्माचार्य शिष्यांना घेऊन त्या भागात दौऱ्यावर होते. धारवाडला बायकांनी आम्हालाही शिकवा अशी मागणी केली. शिष्यांत वयाने सगळ्यात लहान म्हणून सतरा वर्षांच्या बी. के. एस. अय्यंगारांना त्यांच्यापुढे उभं केलं गेलं. पुढच्याच वर्षी अय्यंगार पुण्याला शिकवायला आले आणि कायमचे तिथलेच झाले. त्या बायकांनी मागणी केली नसती तर त्यांच्या शिकवण्याची सुरुवात कशी झाली असती, कोण जाणे.

१९६६ मध्ये अय्यंगारांचं ‘लाइट ऑन योग’ आलं. त्यात बद्धकोणासनाचं वर्णन वाचण्यासारखं आहे. मोची बसतो तशी ही बैठक, हे ते स्वतःच सांगतात. गरोदर बाईने रोज काही वेळ असं बसलं तर बाळंतपणाचा त्रास कमी होतो असं लिहून ते आधार देतात तो ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांच्या पुस्तकाचा. भीतीने शरीर आखडतं आणि आखडल्याने वेदना वाढते, हा डिक-रीड यांचा सिद्धांत १९३०-४० च्या दशकांतला. म्हणजे आसनाचा आकार गावच्या मोच्याचा, शिस्त हठयोगाची आणि गरोदरपणासाठीची शिफारस लंडनच्या डॉक्टरची. तिन्ही गोष्टी एका पानावर, आणि लेखकाने त्या लपवलेल्या नाहीत.

१९७५ मध्ये पुण्यात शिवाजीनगरला ‘रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था’ उघडली. अय्यंगारांची थोरली मुलगी गीता (१९४४–२०१८) तिथे शिकवत असे. लहानपणी मूत्रपिंडाच्या गंभीर आजारातून ती उठली होती. १९८३ मध्ये तिचं ‘योग : अ जेम फॉर विमेन’ आलं. पाळी, गरोदरपण, बाळंतपणानंतरचा काळ, पाळी जाण्याचा काळ, प्रत्येकाचा वेगळा विचार तिने केला. लोड, खुर्ची, भिंत, दोर यांचा आधार देऊन गर्भवतीला कुठे थांबवायचं आणि कुठे मोकळं करायचं, याची पद्धत तिने वर्षानुवर्षं बायकांना समोर बसवून घडवली. आज पॅरिसपासून मांद्र्यापर्यंतच्या वर्गांत पाठीखाली लोड सरकवला जातो, तेव्हा तिथे पुण्याच्या या बाईंचा हात असतो.

या गोष्टीला ‘पाच हजार वर्षं’ म्हटलं की सीतादेवी आणि गीताताई दोघी पट्टीवरून पुसल्या जातात. राहतात ते बिननावाचे ऋषी. ही माझी या दाव्याबद्दलची पहिली तक्रार.

परत पेडण्यात

साठच्या दशकाच्या शेवटी परदेशी पोरं हणजुणे-कळंगुटला आली. तिथे गर्दी झाली तशी त्यांतली काही शापोरा नदी ओलांडून, तेव्हाच्या फेरीबोटीतून, इकडे मोरजी, मांद्रे, हरमलला पोचली. समुद्रासोबत त्यांना योगही हवा होता. पुणे-म्हैसूरला शिकलेले शिक्षक हंगामात इथे येऊ लागले. आज हंगामात हरमलला पुण्याच्या परंपरेतला योग इंग्रजीतून शिकवला जातो. त्यावर अमेरिकेतल्या ‘योग अलायन्स’ या संस्थेच्या नोंदणीची मोहोर असते. गर्भवतींना शिकवणाऱ्या शिक्षकासाठी त्यांचा ८५ तासांचा वेगळा अभ्यासक्रम आहे. ही इथली गंमत. पुणं इथून एका रात्रीच्या बसवर, पण पुण्याची विद्या पेडण्यात आली ती जगाला वळसा घालून.

दुसरा रस्ता सरकारी. २०१४ मध्ये आयुष मंत्रालय वेगळं झालं तेव्हा त्याची जबाबदारी आपल्या उत्तर गोव्याचे खासदार श्रीपाद नाईक यांच्याकडे आली. २१ जून २०१५ ला पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला. ११ डिसेंबर २०२२ ला धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी मोपाचा विमानतळही सुरू झाल्याचं जाहीर झालं, म्हणून तारीख पेडणेकरांच्या लक्षात आहे.

२०१७ मध्ये याच मंत्रालयाच्या एका पुस्तिकेवरून देशभर वाद झाला होता. गर्भवतींनी मांसाहार टाळावा, वासना दूर ठेवावी असा सल्ला त्यात होता. आमच्याकडे माशाच्या कढीवाचून बाईला जेवण जात नाही, त्यामुळे पेडण्याच्या बाजारात त्यावर काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. पण ग्रंथाचा दाखला द्यायचाच तर पुरा द्यावा. सुश्रुताने चौथ्या महिन्यात दूध-लोण्याबरोबर रानातल्या प्राण्यांचं मांस सांगितलेलं आहे.

माझी दुसरी तक्रार इथे आहे. ‘प्राचीन’ हा शब्द आला की लोक तपासणं बंद करतात. ज्याला जे हवं ते तो ग्रंथाच्या तोंडी घालतो. योगवर्गवाला मालासन घालतो, पुस्तिकावाला शाकाहार घालतो, आणि ग्रंथ तर दोन्हींच्या उलट बोलतो.

मग करायचं की नाही?

पुतणीला इतिहासापेक्षा हे हवं होतं. वयाचा पुरावा नसला तरी परिणामाचा थोडा पुरावा आहे, तो असा. बंगळूरच्या एका रुग्णालयात ३३५ गर्भवतींचा अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १६९ जणींनी रोज तासभर योग केला, १६६ जणी रोज दोनदा अर्धा तास चालल्या. योग करणाऱ्यांत अडीच किलो किंवा त्याहून अधिक वजनाची बाळं जास्त निघाली. पण कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, म्हणून या निकालावर मी मोठी इमारत उभी करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला सरळ आहे. अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही गरोदरपणासाठी बदल केलेला योग सुरक्षित व्यायामांत धरते, तापवलेल्या खोलीतला योग आणि फार वेळ उताणं पडणं टाळायला सांगते.

अभियंत्याला यात नवल वाटत नाही. सातव्या महिन्यापर्यंत शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकलेला असतो, सांध्यांची बंधनं संप्रेरकांमुळे सैल झालेली असतात. भार बदलला की आधारही बदलावा लागतो. लोड, भिंत आणि खुर्ची म्हणूनच आली. पूर्वी जमत होतं तेवढं ताणायचं, श्वास कोंडायचा, कपालभातीचे झटके द्यायचे, पोटावर पडायचं, या गोष्टी म्हणूनच गेल्या.

पुतणीची तपासणी म्हापशाला होते. तिला म्हटलं, “तिथल्या डॉक्टरीणबाईंना आसनांची नावं नको सांगू, करून दाखव.” तिने दाखवलं. वार खाली सरकलेली असल्याचं नुकतंच सोनोग्राफीत दिसलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पुढची सोनोग्राफी होईपर्यंत खोल उकिडवं बसणं बंद, श्वासाचा अभ्यास आणि कुशीवर पडून शिथिलीकरण चालू ठेव. वर्गात तिला कोणी वार कुठे आहे हे विचारलंच नव्हतं. पाच हजार वर्षांच्या गोष्टीला प्रश्न कोण विचारणार? रक्तस्राव, रक्तदाब, आधीचं अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, वारेची जागा, हे विचारल्याशिवाय जो शिकवतो त्याच्याकडे जाऊ नये, एवढं या लेखातून कोणी घेतलं तरी मला पुरे.

पुढच्या तपासणीत वार वर सरकलेली निघाली. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. श्रेय मी कोणालाच देत नाही, एका उदाहरणावरून निष्कर्ष काढायचा नसतो.

मावशीचं बोलणं मात्र आता मी टिपून ठेवायला लागलोय. कुठल्या कामाला कशी बसायची, कितव्या महिन्यापर्यंत, वयजीण आल्यावर काय करायला लावायची, चालवायची की बसवायची. हा आपल्या महालाचा आत्रेयांच्या वादातला भाग आहे आणि तो अजून कागदावर आलेला नाही. वयजिणींना पाहिलेल्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. पेडणे, डिचोली, सत्तरीकडे कोणाच्या घरी अशी आजी असेल तर तिच्यापाशी बसा, विचारा आणि लिहून मंडळाकडे पाठवा. लिहिताना वर गाव आणि तारीख तेवढी घाला.